दिवाणजींचे अधिकार

पद्मजा चौगुलेकडे काही मागायला जायचं असलं, की वसीम तांबोळी आधी खाली जाऊन चहा घेऊन यायचा. रिकाम्या पोटी नकार पचत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"मॅडम, रिपोर्ट काढणाऱ्या वर्कफ्लोला लिहायचे अधिकार द्या की. सारखा अडतोय."

"रिपोर्ट वाचून काढतात की लिहून?"

"वाचून."

"मग?"

"पण उद्या कधी लिहायची वेळ आली तर?"

"उद्या या," पद्मजा म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मिरजेतली त्यांची कंपनी उपसा सिंचनाच्या पंपांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. हे सगळं लिखाण, म्हणजे कोड, एका मोठ्या भांडारात ठेवलेलं असायचं. कुणी त्यात बदल केला, की तो तपासायचा, चालवून बघायचा आणि नदीकाठच्या पंपांपर्यंत पोचवायचा, ही कामं आता माणसं करत नसत. त्यासाठी प्रोग्रामच नेमलेले होते, त्यांना वर्कफ्लो म्हणायचे. पण प्रोग्राम झाला म्हणून त्याला भांडारात असंच कसं सोडणार? त्याच्याजवळ पास लागतो. त्या पासाला टोकन म्हणतात. दिसायला ती अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ असते. पण तिच्यामागे ठरलेलं असतं, की हा पासवाला कोणकोणत्या भांडारात शिरू शकतो, तिथे नुसतं वाचू शकतो की खाडाखोडही करू शकतो, दुसऱ्यानं केलेला बदल मंजूर करू शकतो का, आणि पासाची मुदत कधी संपते. दाराला आलेल्याचा चेहरा कळत नाही, फक्त टोकन कळतं. त्यामुळे चुकीच्या हाती मोठं टोकन गेलं, की कुणाच्या तरी उसात गुडघाभर पाणी.

ही टोकनं देण्याचं काम पद्मजाकडे होतं आणि ती ते जीव लावून करायची. जेवढं काम तेवढाच अधिकार, दिवसभरात हे तिच्या तोंडून इतक्यांदा निघायचं, की तिच्या वाढदिवसाला ऑफिसातल्या पोरांनी आणलेल्या केकवर क्रीमनं लिहिलेलं होतं, 'फक्त वाचन'. ती मनापासून हसली होती आणि केक कापायची परवानगी तिनं रीतसर दिली होती.

घरी मात्र रविवार असतो.

तिचे आई-वडील सांगलीत राहायचे. आजोबांच्या एकाच प्लॉटवर दोन घरं होती. पश्चिमेचं आप्पांचं, म्हणजे तिच्या वडलांचं, आणि पूर्वेचं भूपालकाकांचं. मध्ये छातीएवढी भिंत. बोअर एकच होती. तिचं तोंड आणि व्हॉल्व्ह आप्पांच्या अंगणात, मोटरचा स्विच काकांच्या पडवीत. भाऊभाऊ एकत्र नांदतील या भरवशावर आजोबांनी ही सोय केलेली होती. आप्पा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते, काका हायस्कुलात गणित शिकवायचे. आप्पांच्या निवृत्तीच्या समारंभापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

एव्हाना बहुतेक घरांना आपापलं घरसूत्र असायचं. घरानं कसं वागायचं याचे नियम साध्या मराठीत लिहायचे, गीझर कधी तापवायचा, दूध किती मागवायचं, दारावर कोण आलं तर काय सांगायचं, आणि यंत्र त्याचा कोड करून घराला लावायचं. प्रत्येक घरसूत्राचं एक छोटं भांडार. दोन्ही भावांची भांडारं पद्मजाच्याच खात्यात होती, कारण चौगुल्यांच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी ती एकटी, असं दोघांनीही आपापल्या परीनं ठरवलेलं होतं. तिच्या स्वतःच्या मिरजेतल्या फ्लॅटचं घरसूत्रही तिथंच.

आप्पांना निवृत्तीनंतर वेळ भरपूर होता. दिवसातून चारपाच वेळा ते नियम बदलायचे. चहाचं पाणी किती अंशांवर उतरवायचं यावर त्यांनी दोन पानं लिहिलेली होती. प्रत्येक बदलानंतर ते पद्मजाला फोन करून "तेवढं लावून टाक" म्हणायचे. शेवटी कंटाळून एका रविवारी सांगलीला आल्यावर तिनं त्यांच्यासाठी दिवाणजी घेतले.

दिवाणजी म्हणजे घरसूत्र सांभाळणारा एक नवा प्रोग्राम. तो नियम वाचायचा, दोन नियम एकमेकांना अडवत नाहीत ना ते बघायचा, सुधारणा सुचवायचा आणि मंजुरी मिळाली, की घराला लावायचा. शिवाय बोलायचा. आवाज कंपनीनं मुद्दाम जुन्या वळणाचा ठेवलेला होता.

"आपल्या सेवेत हजर आहे," दिवाणजी म्हणाले. "कामाला लागण्यासाठी टोकन द्यावं."

पद्मजानं नेहमीच्या शिस्तीनं छोटं टोकन केलं. आप्पांचं भांडार, फक्त वाचन.

"पुढे जाता येत नाही. अधिकार अपुरे आहेत."

तिनं लिहिण्याचा अधिकार दिला. अपुरे. पंपाची यादी वाचण्याचा दिला. अपुरे. नक्की काय कमी पडतंय, हे दिवाणजी सांगत नव्हते, कारण ते बघायचाही अधिकार त्यांना नव्हता. खिडकीतून ऊन उतरत चाललेलं दिसत होतं. चौगुल्यांकडे सूर्यास्ताच्या आत जेवायची रीत होती आणि आई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा बोलावत होती.

"पद्मा, सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही हं."

तिचा नवरा सुदर्शन ताटावर बसलेला होता आणि भाकरीकडे बघत होता. आप्पा पाठीशी उभे राहून विचारत होते, "तू ऑफिसातपण एवढाच वेळ लावतीस?"

पद्मजानं त्या पानावरच्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. भांडारं, खात्यातली सर्व. वाचन आणि लेखन. मुदत, कधीही न संपणारी. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक चौकोन होता, 'स्वतः सुचवलेले बदल स्वतःच मंजूर करण्याची मुभा'. ऑफिसात कुणी तो मागितला असता, तर तिनं त्याला समोर बसवून तासभर समजावलं असतं. तिनं त्यावरही खूण केली.

"अधिकार मिळाले. आभारी आहे," दिवाणजी म्हणाले.

"पुढच्या रविवारी नीट करते," पद्मजा स्वतःशीच म्हणाली आणि हात धुवायला गेली.

पुढच्या रविवारी सुदर्शनच्या बहिणीचं डोहाळजेवण होतं.

मधल्या काळात आप्पांनी दिवाणजींना कामाची दिशा दिली. ते म्हणाले, "हे बघा, जे दोनदा लिहिलंय ते एकदाच ठेवा. आणि जे अडकून पडलंय ते मार्गी लावा." कारखान्यात ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. नवा माणूस मान हलवायचा आणि काहीच करायचा नाही. दिवाणजींनी मात्र केलं.

घरसूत्रात प्रत्येकाला तक्रार टाकायची सोय असते. आईनं कधीकाळी टाकलेलं होतं, की हे दाढी करताना नळ सोडून ठेवतात. दिवाणजींनी तोडगा सुचवला, स्वतःच मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांच्या गालावर साबण असताना नळ बंद झाला. आप्पांची तक्रार होती, की बायको मालिका मोठ्यानं लावते. टीव्ही कुजबुजायला लागला. आईनं आप्पांकडे आणि आप्पांनी आईकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात कोण काय लिहून ठेवतं हे दोघांनाही नव्यानं कळलं.

मिरजेत सुदर्शनची एक जुनी तक्रार पडून होती. जेवताना पद्मजाचा फोन वाजतो. एका संध्याकाळी तिचा फोन मुका झाला. त्याच वेळी कंपनीचा एक पंप हटून बसलेला होता आणि तिच्या साहेबानं तिला अकरा वेळा फोन केला. तिला ते आमटी संपल्यावर कळलं.

"तू काही केलंस का फोनला?" तिनं विचारलं.

"मी मागच्या पावसाळ्यात फक्त लिहिलं होतं," सुदर्शन म्हणाला. "एवढं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं." पण तो खूश दिसत होता आणि ते तिला खटकलं.

तेव्हाच तिनं टोकन तपासायला हवं होतं. पण त्या आठवड्यात त्या हटलेल्या पंपापायी तिला मान वर करायला सवड मिळाली नाही.

दिवाणजी पुढच्या कामाला लागलेले होते. खात्यातली भांडारं वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं, की पश्चिमेचं घर आणि पूर्वेचं घर यांचे बहुतेक नियम अगदी सारखे आहेत. एकच दूधवाला, एकच कचरागाडी, एकच बोअर, एकच आडनाव. दोघंही पहाटे एकाच वेळी उठतात, दोघांनाही चहात आलं लागतं, दोघांनाही मंदिरात जाताना दाराशी छत्रीची आठवण करून द्यावी लागते. म्हणजे सगळं दोनदा लिहिलेलं. दिवाणजींनी दोन्ही भांडारं एक केली, जुनी दोन काढून टाकली आणि नव्याला नाव दिलं, 'चौगुले, एकत्र'.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दिवा लावायला सांगितला, तर काकांच्या न्हाणीघरात दिवा लागला. काकांनी आकाशवाणी लावली, ती आप्पांच्या देवघरात वाजली. दूधवाल्यानं दोन्ही घरांचं दूध एकाच दारात ठेवलं आणि आईनं बिनबोभाट काकांच्या वाटणीचं पातेलं भिंतीवर नेऊन ठेवलं. हे बहुधा तसंच चालूनही गेलं असतं. पण चहाच्या वेळी दिवाणजींनी रोजच्याप्रमाणे दिवसाची कामं वाचून दाखवायला सुरुवात केली.

"आज कचरागाडी उशिरा येईल. आप्पासाहेबांची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे, मागवली आहे. पूर्वेचं घर दिवाळीनंतर कायमचं बंद होणार असल्यानं तिकडचा गीझर काढून घेणं आणि दुधाचा रतीब थांबवणं, याची तयारी केली आहे."

आप्पांनी कप खाली ठेवला.

"परत वाचा," ते म्हणाले.

दिवाणजींनी परत वाचलं.

पद्मजा ऑफिसात होती तेव्हा फोन आला. आप्पा आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "तुझा काका चाललाय म्हणं."

"कुठं?"

"मला काय माहीत? मी बोलतो होय त्याच्याशी? तू विचार."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिवाणजींनी."

पद्मजानं लॅपटॉप पुढे ओढला. काकांच्या घरातली गोष्ट आप्पांच्या घरात बोलली गेली, याचा अर्थ एकच होता. ती टोकनाचं पान उघडेपर्यंत दुसरा फोन वाजला. काका कधी आवाज चढवायचे नाहीत. चाळीस पोरांच्या वर्गातही नाही.

"पद्मा, वहिनींनी आत्ता भिंतीवरून विचारलं, की भावजी, खरंच चाललात का? मी हे फक्त माझ्या घरसूत्रात लिहिलं होतं. शीतललासुद्धा तारीख सांगितलेली नाही अजून." शीतल त्यांचा मुलगा, बंगळुरूला असायचा. "माझ्या घराची किल्ली मी तुझ्या हातात दिली होती. तू ती दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून आलीस."

 काकांनी फोन ठेवला.

तिच्या मागे वसीम चहाचा कप घेऊन उभा होता. स्क्रीनवर खुणांची ती रांग दिसत होती.

"मॅडम, हे कुणाचं टोकन?"

"माझं."

वसीमनं सावकाश वाचलं. "सर्व भांडारं. वाचन, लेखन. स्वतःच मंजुरी." थोडं थांबून तो म्हणाला, "मुदत नाही."

"हसायचं असलं तर हस."

"मी काही बघितलंच नाही. माझ्याकडे फक्त वाचनाचे अधिकार आहेत." मग खुर्ची ओढून तो खरंच काळजीनं म्हणाला, "आत्ताच्या आत्ता रद्द करा की."

"रद्द केलं तर दोन्ही घरं जागच्या जागी थांबतील. जुनी भांडारं त्यानं काढून टाकलीत. ती परत उभी करायला मला आठवडा लागेल, आणि पाणी त्यातच आहे." तिनं लॅपटॉप बंद केला. "आधी तिथं जाते. तोंड दाखवल्याशिवाय हे रद्द करणं बरं नाही."

ती सांगलीला पोचली तेव्हा दुपार कलत होती. दिवाणजींनी दोन्ही घरांत निरोप पोचवलेला होता, की नियम एकत्र करताना काही ओळी जुळत नाहीत. एकाच जागी दोन्ही घरांनी वेगवेगळं लिहिलंय. अशा ठिकाणी दोन्ही मालकांनी समोरासमोर बसून काय ठेवायचं ते सांगावं. तोवर पंप बंद राहील. टाक्यांतलं पाणी तळाला गेलेलं होतं. त्यामुळे भूपालकाका कित्येक वर्षांनी आप्पांच्या फाटकातून आत आले. आईनं व्हरांड्यात खुर्ची ठेवली. आप्पांनी आपली खुर्ची थोडी फिरवून घेतली, म्हणजे काका समोर न येता बाजूला येतील.

पद्मजा काकांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, चूक माझी आहे. घाईत सगळ्या खुणा केल्या आणि परत बघितलं नाही. तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता बाहेर गेली."

"बीजगणितात अशाला मी शून्य द्यायचो," काका म्हणाले. "पायऱ्यांचेसुद्धा मार्क नाहीत." पण त्यांनी बाजूच्या खुर्चीकडे हात केला आणि ती बसली.

"पहिला मुद्दा, पंप," भिंतीवरच्या स्क्रीनमधून दिवाणजी म्हणाले. "पश्चिमेचं घर म्हणतं सकाळी सहा. पूर्वेचं घर म्हणतं सकाळी सहा. पंप एक आहे."

"दिवाणजी," आप्पा छताकडे बघत म्हणाले, "बाजूला बसलेल्या गृहस्थांना सांगा, की थोरल्याचं आधी भरतं."

"दिवाणजी, त्या गृहस्थांना सांगा, की त्यांची टाकी दुप्पट मोठी आहे. लहान आधी भरली तर दोघांचं साडेसहाला होतं. साधी वजाबाकी आहे."

"वजाबाकी आम्हालाही येते म्हणावं."

"दोन्ही गृहस्थ एकमेकांना ऐकू येतील इतक्या अंतरावर आहेत," दिवाणजी म्हणाले. "तरी निरोप पोचवले आहेत."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. बऱ्याच निरोपांनंतर पंपावर एकमत झालं. फाटकावरच्या दिव्यावरही झालं.

"शेवटचा मुद्दा, परिचय," दिवाणजी म्हणाले.

घरसूत्राच्या सुरुवातीला घरात कोण राहतं, याचा परिचय लिहायचा असतो. बहुतेक लोक दोन ओळींत संपवतात. आप्पांनी चरित्र लिहिलेलं होतं.

"पश्चिमेच्या घरातली ओळ अशी. 'कारखान्याच्या बॉयलरचा दाब अचानक वाढला, तेव्हा आप्पासाहेब चौगुले यांनी प्रसंगावधान राखून स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह बंद केला.' पूर्वेच्या घरातली त्याच जागची ओळ अशी. 'थोरले बंधू त्या आठवड्यात गालगुंड झाल्यानं घरी होते.'"

 भांडणाचं मूळ हेच होतं. निवृत्तीच्या समारंभात आप्पांनी बॉयलरचा किस्सा रंगात येऊन सांगितला होता. समोर चेअरमन, कामगार, पाहुणे बसलेले. आणि चौथ्या रांगेतून भूपालकाका उठून म्हणाले होते, "दादा, तू त्या आठवड्यात घरी होतास. तुला गालगुंड झालं होतं." सभागृह हसलं होतं. आप्पांनी हार तिथेच खुर्चीवर ठेवला होता आणि त्यानंतर भावाशी एक शब्द बोलले नव्हते.

"दोन्ही मालकांनी एक ओळ निवडावी," दिवाणजी म्हणाले.

आप्पा पुन्हा छताकडे बघायला लागले, काका फाटकाकडे.

"सहमती होत नसल्यास मी स्वतः निवडून मंजूर करू शकतो. कारखान्याची जुनी हजेरी सार्वजनिक भांडारात उपलब्ध आहे. ती बघून…"

"ए, थांब," आप्पा आणि काका एकदम म्हणाले.

"तू कोण ठरवणार?" आप्पा म्हणाले.

"आमच्या घरचं आहे ते," काका म्हणाले. "हजेरी बघायची असती तर मी केव्हाच बघितली असती."

आप्पांनी पहिल्यांदा मान वळवून भावाकडे बघितलं.

"माझ्याकडे तसा अधिकार आहे," दिवाणजी नम्रपणे म्हणाले. "पद्मजाताईंनी दिला आहे. निवडलेली ओळ ठेवून दुसरी कायमची…"

पद्मजानं मांडीवरच्या लॅपटॉपवर टोकन रद्द केलं. दिवाणजींचा आवाज मध्येच तुटला. स्क्रीन विझली. आत फ्रीजनं एक उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि काकांच्या न्हाणीघरातला दिवा गेला.

"संपलं?" आईनं आतून विचारलं.

"संपलं. आता काहीच चालणार नाही," पद्मजा म्हणाली.

काका उठले. फाटकापाशी गेल्यावर ते थांबले आणि पाठमोरेच बोलले, पण पद्मजाशी. "शीतल म्हणतो, एकटे राहू नका. गुडघे गेलेत. तुझी काकू गेल्यापासून दिवसभर मी आणि ते घर. शेजार आहे म्हणायचा, पण बोलणारं कोण?"

आप्पांनी ऐकलं.  त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो न घालताच बराच वेळ बसून राहिले.

पद्मजा त्या दिवशी सांगलीतच राहिली. सकाळी नळाला नुसती हवा आली. टोकन नसल्यामुळे पंप कुणाचंच ऐकत नव्हता. उरला आजोबांच्या वेळचा मार्ग. एकानं काकांच्या पडवीतून मोटर सुरू करायची आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं आप्पांच्या अंगणातला व्हॉल्व्ह उघडायचा. मोटर आधी सुरू झाली आणि व्हॉल्व्ह बंदच राहिला, तर पाइप फुटणार. म्हणजे दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायला हवं.

"मी जाते काकांकडे," पद्मजा म्हणाली.

"तू बस," आईनं तिचा हात धरला. "चहा गार होतोय तुझा."

आप्पा व्हॉल्व्हजवळ उकिडवे बसले. भिंतीपलीकडे काकांची चाहूल लागली. पडवीचं दार करकरलं.  दोघंही आपापल्या जागी तयार होते आणि दोघंही वाट बघत होते. आईनं चहाच्या कपातून डोळे वर केले नाहीत.

"सोडू का?" शेवटी भिंतीपलीकडून आवाज आला.

आप्पांनी घसा साफ केला. "थांब जरा. घट्ट बसलाय."

"उलटा फिरवतोयस, दादा."

"तुला तिथनं दिसतंय होय?"

"आवाजावरनं कळतंय. डावीकडं फिरव."

आप्पांनी डावीकडे फिरवला. तो फिरला. "सोड आता," ते ओरडले. मोटर घुरघुरली, पाइप थरथरला आणि वर टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आलं, "कारखान्यातला असाच बंद केला होतास का?"

 आप्पांचे कान लाल झाले. ते उठून उभे राहिले, भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, "गालगुंड सोमवारी झालं होतं. बॉयलरचं शनिवारी."

"सोमवारच्या आधीचा शनिवार की नंतरचा?"

"आधीचा."

"मग शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांच्यात जेवायला आला होतास, तेव्हा गाल सुजलेला का होता?"

"ती सुपारी होती गालात."

"सुपारी दोन्ही गालांत असती होय?"

हे टाकी भरून वाहायला लागेपर्यंत चाललं. मग दोघांनाही एकदमच पाणी आठवलं आणि एकमेकांना "बंद कर, बंद कर" म्हणत दोघं दोन दिशांना धावले.

आठवडाभर पद्मजा ऑफिस सुटल्यावर तेच काम करत होती. तिनं दोन्ही भांडारं वेगळी उभी केली. यावेळी टोकनंही वेगवेगळी केली. आप्पांच्या घराचं फक्त आप्पांसाठी, काकांचं फक्त काकांसाठी, दोन्हींना तीन महिन्यांची मुदत. दिवाणजी सुचवू शकत होते, मंजुरी मात्र माणसाचीच. वसीमनं टोकनांची प्रत्येक ओळ तपासली आणि एका ठिकाणी हरकतही घेतली. ती हरकत बरोबर होती आणि ती मान्य करताना पद्मजाला विशेष त्रास झाला नाही. त्याच दिवशी तिनं त्याच्या रिपोर्टच्या वर्कफ्लोची फाइल मागवून बघितली. अधिकार आहेत तेवढे पुरेसे होते, चूक कोडमध्ये होती. तिनं ती त्याला शेजारी बसून दाखवली.

रविवारी ती सुदर्शनला घेऊन सांगलीला गेली तेव्हा दोघं भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना कोपर टेकून उभे होते. वाद आता कांजिण्यांवर आलेला होता. लहानपणी कुणाच्या कुणाला लागल्या. भिंतीवर दोन कप होते. एक आईकडचा, एक काकांकडचा, आणि दोन्ही आप्पांच्या बाजूला.

"झालं का दुरुस्त?" आप्पांनी विचारलं.

"दिवे, गीझर, दूध, सगळं झालं. ज्याचं त्याचं वेगळं. काका, तुमच्या घरातलं आता तुमच्याशिवाय कुणी वाचू शकत नाही. मीसुद्धा नाही. हे तुम्ही स्वतः तपासून घ्या." तिनं लॅपटॉप भिंतीवर ठेवला. काकांनी चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसा एकेक अधिकार बघितला. सगळे बघून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"पायऱ्या बरोबर आहेत," ते म्हणाले. "आणि पंप?"

पद्मजा काही बोलणार तेवढ्यात काका आप्पांकडे वळले. "म्हणजे घाई नाही माझी. काल शीतलला फोन केला. म्हटलं, दिवाळीनंतरचं नक्की धरू नकोस. पंप नीट चालायला लागला, की येतो. हे तसंच सोडून गेलो तर दादाला एकट्याला जमायचं नाही. व्हॉल्व्ह अजून उलटाच फिरवतो."

"एकदाच फिरवला होता," आप्पा म्हणाले.

"मंगळवारीपण."

आई दारात उभी होती. तिनं पद्मजाकडे बघितलं. नजर हटवली नाही.

"पंपाचं जरा अवघड आहे, काका," पद्मजा म्हणाली. "वेळ लागेल."

"लागू दे की," काका म्हणाले.

आप्पांनी भिंतीवरचा दुसरा कप उचलून भावाच्या हातात दिला. "तर कांजिण्या," ते म्हणाले, "तुझ्या मला लागल्या."

सूर्यास्ताच्या आत सगळे जेवले. यावेळी पाच ताटं होती. संध्याकाळी मिरजेच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर सुदर्शननं विचारलं, "एवढं सगळं केलंस आणि पंप जमला नाही?"

"जमला," पद्मजा म्हणाली. "बुधवारीच झाला. टोकन नाही दिलं."